रकाना चौदा

आमच्या खोलीत दोन टेबलं होती, मध्ये कंबरेएवढं लाकडी पार्टिशन होतं आणि पार्टिशनच्या पलीकडे रकानेबाई बसायच्या. हे नाव त्यांना रेकॉर्ड रूमनं दिलं होतं. तिथे त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती आणि त्या एकोणीस वर्षांत एकही अर्धवट भरलेला कागद त्यांच्या हातून कपाटात गेला नव्हता. एकदा एका सर्जननं तारखेचा रकाना मोकळा सोडला, तर बाई ती फाईल घेऊन थेट ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेल्या आणि ते बाहेर येईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचा मास्कही निघाला नव्हता. बाईंनी पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं. एवढंच.

हॉस्पिटलात संशोधनाचा विभाग सुरू झाला तेव्हा अशा माणसाची गरज होती, म्हणून त्यांना तिसऱ्या मजल्यावर आणलं. मीही त्याच आठवड्यात रुजू झालो. माझं काम आकड्यांचं. बाई फॉर्म भरायच्या, मी ते कॉम्प्युटरवर घेऊन त्यांच्या सरासऱ्या काढायचो. स्वतःला लोकांनी नाव ठेवलं म्हणून त्यांनी सगळ्या विभागाला नावं ठेवून त्याची परतफेड केली होती. प्रमुख सर्जन त्या मोठ्या मॅडम. स्कॅन वाचणारे ते सावलीवाले. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांचे काप मायक्रोस्कोपखाली बघणारे ते काचवाले. वेदनेचे डॉक्टर ते कळवाले. फिजिओथेरपिस्ट मुलगी उशिरा आली, आणि आल्या आल्या सगळ्यांना वाका, वाका म्हणायला लागली, म्हणून ती वाकाबाई. मी अर्थातच आकडेवाला, पण तोंडावर साहेब. आता मलाही त्या सगळ्यांची खरी नावं चटकन आठवत नाहीत.

विषय असा होता. गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. ते दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. काही बायकांच्या शरीरात तसलंच अस्तर नको तिथे रुजतं, गर्भाशयाच्या बाहेर, ओटीपोटात, कधी आतड्यावर. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. काहींच्या गर्भाशयाच्या स्नायूतच ते शिरून बसतं, तो अॅडिनोमायोसिस. काहींना दोन्ही असतात. आमच्या अभ्यासात चारशे बारा बायका होत्या आणि त्यांना नेमकं काय झालंय हे कळायला सरासरी आठ वर्षं लागली होती. ही सरासरी मीच काढली होती. ती मी तीनदा तपासली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता.

दर बुधवारी सगळे एका टेबलाभोवती जमायचे. एकाच बाईकडे पाच-सहा जणांनी मिळून बघायचं, ही त्यामागची कल्पना, आणि कल्पना चांगलीच होती. सावलीवाल्यांना ती बाई राखाडी दिसायची, काचवाल्यांना गुलाबी-जांभळी. मोठ्या मॅडमना ती आतून दिसायची, वीतभर कॅमेऱ्यातून. माझ्याकडे ती एक ओळ म्हणून यायची, एकोणतीस रकान्यांची. खुर्चीवर बसलेली, पर्स मांडीवर घट्ट धरलेली अशी बाई फक्त रकानेबाईंना दिसायची. पण बुधवारच्या बैठकीत त्यांचं काम फाईली पोचवून परत यायचं एवढंच होतं.

एकोणतीस रकान्यांत चौदावा सगळ्यात महत्त्वाचा. त्यात लिहायचं होतं: गेल्या चार आठवड्यांत ओटीपोटातलं दुखणं, शून्य ते दहा. पुढे काय करायचं हे त्या आकड्यावर ठरायचं. आकडा मोठा असेल तर लगेच उपचार, गोळ्या, इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन. आकडा शून्य असेल तर, स्कॅनमध्ये रोग दिसत असला तरी, घाई नाही. वर्षानं या.

काम सुरू होऊन दुसराच आठवडा असेल. बाई पार्टिशनवरून डोकावल्या.

"साहेब, चौदाव्या रकान्यात एक अडचण आहे."

"काय?"

"बाई आकडा सांगत नाहीये. विचारलं किती दुखतं, तर म्हणते नेहमीचंच. परत विचारलं तरी तेच. काय लिहू?"

मी कसल्यातरी बेरजेत होतो. मान वर केली नाही. "नेहमीचं म्हणजे काही विशेष नाही, असंच ना? मग शून्य टाका."

"शून्य?"

"रकाना मोकळा ठेवून चालणार नाही."

हे त्यांना पटण्यासारखंच होतं. त्या खाली बसल्या. हे बोलणं मी विसरून गेलो. त्या विसरल्या नाहीत, कारण एकदा नियम मिळाला की तो त्यांच्याकडून मोडत नसे.

बाईंचं वय तेव्हा चाळीस. नवरा मीटर वाचणाऱ्या खात्यात, दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपणारा. दोघं घरी आकड्यांबद्दल अवाक्षर काढत नाहीत असं त्या म्हणायच्या. मूल नव्हतं. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं त्यासाठी दवाखाने झाले होते आणि त्या वेळच्या डॉक्टरांनी फाईलवर 'कारण आढळले नाही' असा शेरा मारून ती बंद केली होती. त्या शेऱ्यात चूक काढायला त्यांना जागा सापडली नाही, कारण रकाना भरलेला होता. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं, डबा खाता खाता. मीही हसलो होतो.

आमच्या खोलीबाहेर झेरॉक्स मशीन होतं, जुनं, कपाटाएवढं. कॉपी काढायला खरं तर शिपाई होता. पण महिन्यातून काही दिवस बाई त्याला हात लावू द्यायच्या नाहीत. स्वतः उठायच्या, गठ्ठा घेऊन जायच्या आणि मशीनला अगदी चिकटून उभ्या राहायच्या, तासतासभर. मी त्यावरून त्यांना पिडायचो.

"बाई, मशीनशी जमलंय वाटतं तुमचं?"

"जमलंय. ते निदान मध्ये मध्ये बोलत नाही."

"घरी सांगू का?"

"सांगा की. ते येतील आणि त्याचंही मीटर वाचून जातील."

असे आम्ही सहा वर्षं शेजारी बसलो.

सहा वर्षांनी निष्कर्ष हातात आला आणि तो बघून मोठ्या मॅडमसुद्धा खुर्चीत पुढे सरकल्या. चारशे बारांपैकी त्रेसष्ट जणींच्या स्कॅनमध्ये रोग स्पष्ट दिसत होता, ज्यांचं नंतर दुसऱ्या कारणानं ऑपरेशन झालं त्यांच्या काचांवरही होता, आणि चौदाव्या रकान्यात मात्र शून्य. रोग आहे, दुखणं नाही. या गटाला सावलीवाल्यांनी नाव दिलं, शांत गट. यातल्या बऱ्याच जणी मूल होत नाही म्हणून आल्या होत्या, काही रक्तस्राव फार होतो म्हणून. त्यामुळे दुखत नाही तर या आल्याच कशाला, हा प्रश्न कोणाला पडला नाही. मलाही नाही. मला ती आकडेवारी फार देखणी वाटली होती.

त्यावर लेख तयार झाला. मोठ्या परिषदेत तो वाचायचं ठरलं. आणि लेखाच्या शेवटी एक शिफारस होती, की दुखणं शून्य असेल तर अशा बाईला स्कॅनच्या रांगेतही उभं करायची गरज नाही. रांग लांब आहे, ती ज्यांना दुखतं त्यांच्यासाठी ठेवावी. वाचायला अगदी रास्त वाटायचं. लेख शुक्रवारी जायचा होता.

त्याच्या आधीच्या सोमवारी रकानेबाई झेरॉक्स मशीनपाशी खाली बसल्या. पडल्या असं म्हणता येणार नाही. कागद आधी नीट मशीनवर ठेवले, मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली सरकल्या. शिपायानं मला हाक मारली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाल्या, "काही नाही, जरा जास्त जातंय या वेळी." खालच्या मजल्यावर रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. सावलीवाल्यांनी स्वतः स्कॅन केला. गर्भाशय दुपटीहून मोठं झालेलं, एका बाजूनं जाड, आणि अंडाशयामागे आतडं चिकटलेलं. दोन्ही रोग. मोठ्या मॅडमनी बाईंना विचारलं, अहो, इतकी वर्षं तुम्ही आमच्याच विभागात बसता, कधी बोलला नाहीत? बाई म्हणाल्या, "बोलण्यासारखं काही नव्हतं, मॅडम." रक्ताच्या दोन पिशव्या चढवायचं आणि गुरुवारी गर्भाशय काढायचं ठरलं.

आता त्या अभ्यासातल्या चारशे तेराव्या झाल्या. फॉर्म भरायला हवा होता आणि स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा नाही असा नियम होता. तो बाईंनीच आग्रहानं करून घेतला होता. म्हणून मंगळवारी दुपारी फॉर्म घेऊन मी वॉर्डात गेलो.

त्या खिडकीकडच्या पलंगावर होत्या. हाताला रक्ताची नळी. नवरा नुकताच खाली चहाला गेला होता. मी स्टूल ओढून बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वय, वजन, पाळी कधी सुरू झाली. तेराव्या वर्षी. त्या उत्तरं अशी देत होत्या की मला खाडाखोड करावी लागू नये. चौदा आला.

"गेल्या चार आठवड्यांत ओटीपोटातलं दुखणं? शून्य ते दहा."

"नेहमीचंच," त्या म्हणाल्या.

मी शून्य लिहिलं. मला त्यात काहीच खटकलं नाही.

रकान्यात काय पडलं ते बघितल्याशिवाय बाईंना चैन पडायचं नाही. त्यांनी नळीचा हात सांभाळत मान उचलली आणि फॉर्म बघितला.

"शून्य?"

"तुम्हीच म्हणालात ना, नेहमीचंच."

"हो, नेहमीचंच आहे." बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "पण दुखतं की, साहेब."

"किती?"

"आता किती ते काय सांगू. महिन्यातले दहा-बारा दिवस असतं. पहिल्या दोन दिवसांत उजवा पाय उचलत नाही, मग जिन्याचा कठडा धरून येते. लघवीला जाताना दात आवळून जाते. खोकला आला तर आधी बसून घेते आणि मग खोकते. बसमध्ये खड्ड्याचे रस्ते पाठ आहेत मला, आधीच उठून उभी राहते." हे सगळं त्या दुसऱ्या कोणाचा फॉर्म वाचून दाखवावा अशा आवाजात सांगत होत्या. "म्हणून तर झेरॉक्स मीच काढते. मशीनची ती डावी बाजू गरम असते. पोट टेकवून उभं राहिलं की जरा बरं पडतं."

मला लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते. नंतर मी मशीनपाशी टांगलेली नोंदवही काढून बघितली. कोणी, कधी, किती कॉपी काढल्या ते त्यात लिहितात. बाईंच्या सह्या चार-पाच दिवस ओळीनं, मग तीन आठवडे शिपायाच्या, मग पुन्हा बाईंच्या. सहा वर्षं, दर सव्वीस दिवसांनी. आकड्यांतली लय शोधणं हा माझा धंदा आहे. ही लय माझ्या दारात टांगलेली होती आणि मी तिच्यावर विनोद करत होतो.

"आधी कोणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगितलं होतं ना. आईला. पहिल्याच वर्षी. आई म्हणाली, बायकांना हे नेहमीचंच असतं. मग परत परत काय सांगायचं?"

एवढं म्हणून त्या थांबल्या. मला वाटलं, कळ आली. पण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्तही उतरलं होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मग त्या सगळ्या?"

मला समजायला क्षणभर लागला. मग समजलं.

"किती जणी तसं म्हणाल्या ते आता कळायचं नाही," मी म्हणालो. "कागदावर सगळी शून्यं सारखीच."

"कळेल. ज्या नेहमीचंच म्हणाल्या त्यांच्या कोपऱ्यात मी 'ने' लिहिलंय. पेन्सिलनं, बारीक. तुम्ही शून्य टाका म्हणालात म्हणून शून्य टाकलं. पण बाई जे बोलली ते कागदावर कुठेतरी असायला हवं ना."

संध्याकाळी मी त्रेसष्ट मूळ फॉर्म काढून टेबलावर मांडले. मी आजवर त्यातले आकडेच घेत आलो होतो, कोपरे कधी बघितले नव्हते. अठ्ठावन्न फॉर्मवर 'ने' होतं. इतकं बारीक की चष्मा पुसून बघावं लागलं. खरोखर शून्य सांगणाऱ्या फक्त पाच. आमचा शांत गट म्हणजे पाच बायका. बाकीच्या अठ्ठावन्न जणींना आम्ही, दुखत असताना, दुखत नाही असं लिहून घरी पाठवलं होतं, कोणाला एक वर्षासाठी, कोणाला दोन.

आणि मी हेही सांगून टाकतो, की खोडरबर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं आणि त्याची मला आठवण झाली. माझी नोकरी कंत्राटी, दर वर्षी नवा कागद. मी ड्रॉवर उघडलाही. मग बंद केला आणि परत वॉर्डात गेलो, आकडा सांगायला.

बाईंनी अठ्ठावन्न ऐकून डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "उद्या बुधवार. बैठकीत सांगाल ना? का मी येऊ?"

"तुम्ही कुठे येताय? मी सांगतो."

"चूक माझी म्हणून सांगा. फॉर्म मी भरलेत, अक्षर माझं आहे. मी कायम आहे, मला फार तर मेमो देतील. तुमचा कागद पुढच्या महिन्यात यायचाय."

हे त्यांनी उपकार म्हणून म्हटलं नव्हतं. काय केलं म्हणजे कमी नुकसान होईल याचा त्यांनी पडल्या पडल्या हिशोब लावला होता, एवढंच. तो हिशोब बरोबर होता, म्हणून मला त्याचा मोह पडला.

बुधवारी पडद्यावर लेखाचं पहिलं पान लागलं होतं. शांत गट, ठळक अक्षरांत. मी उभा राहून म्हणालो, "चौदाव्या रकान्याच्या नोंदींमध्ये एक चूक झाली आहे." आपल्या भाषेत ही फार सोय आहे. चूक होते, कप फुटतो, उशीर होतो, कर्त्याचा पत्ता नसतो.

मोठ्या मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "झाली म्हणजे? कोणी केली?"

काचवाल्यांनी बिस्किटाचा पुडा उघडायला घेतला होता. तो उघडून झाला. तेवढा वेळ मला लागला.

"मी," मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं, मान वर न करता दिलेलं ते उत्तरही.

सावलीवाले खूप चिडले. सहा वर्षं, असं तीनदा म्हणाले. त्यांचं चिडणं रास्त होतं, निम्मा लेख त्यांनी लिहिला होता. काचवाले हळूच म्हणाले, "या बायकांच्या काचा बघून मला शंका यायची खरी. इतकं आत रुतलेलं असून दुखत कसं नाही म्हणून."

"मग बोलला का नाहीत?" कळवाल्यांनी विचारलं.

"मला काचा देता तुम्ही. बाई कुठे दाखवता?"

मोठ्या मॅडम कोणावरच ओरडल्या नाहीत. त्यांनी अठ्ठावन्न नावांची यादी मागून घेतली आणि बोट ठेवून एकेक नाव वाचलं. मग चष्मा काढला. "यातल्या निम्म्या जणींना मी स्वतः सांगितलं, वर्षानं या," त्या म्हणाल्या. "समोर बसल्या होत्या त्या. मी कागद बघितला आणि घरी पाठवलं." थोड्या वेळानं त्यांनी पडद्यावरचा लेख बंद करायला लावला. परिषदेला तार करावी तसं दोन ओळींचं पत्र गेलं, लेख येणार नाही. माझा कागद मात्र पुढच्या महिन्यात आला. घोळ ज्यानं घातला त्यानंच तो निस्तरावा, असं मॅडमचं म्हणणं पडलं.

गुरुवारी बाईंचं ऑपरेशन झालं. चार तास लागले, कारण आतडं सोडवायला दुसऱ्या सर्जनला बोलवावं लागलं. आठवड्यानं काचवाल्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. मला त्यातलं काही कळत नाही. गुलाबी स्नायू आणि त्यात जागोजागी जांभळे ठिपके, आत, आणखी आत. "या आपल्या बाई," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

दीड महिन्यानं बाई कामावर आल्या आणि त्यांनी अठ्ठावन्न जणींना फोन करायचं काम मागून घेतलं. कळवाल्यांनी त्यासाठी नवी प्रश्नावली आणली होती, चार पानांची. बाईंनी ती वाचली, व्यवस्थित घडी करून परत दिली.

"डॉक्टर, किती दुखतं हे विचारूच नका. त्याला उत्तर ठरलेलं आहे. दुखण्यामुळे काय काय केलं नाहीत, ते विचारा. ते बरोब्बर सांगता येतं."

कळवाले सज्जन माणूस. त्यांनी पानं तिथेच फाडली. तेव्हापासून चौदाव्या रकान्यात तो प्रश्न आहे.

मी पार्टिशनच्या अलीकडे बसून ते फोन ऐकत होतो. एक शिक्षिका होती. ती दर महिन्याला दोन दिवस वर्गाची लेखी चाचणी घ्यायची, म्हणजे खुर्चीवरून उठावं लागत नाही. पोरं तिला खडूस म्हणायची. एक शिवणकाम करणारी उभ्यानं शिवायची, मशीनखाली विटा लावून. एकीनं नोकरीच सोडली होती आणि घरी सांगितलं होतं, कंटाळा आला म्हणून. एकीनं बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेव्हा सांगितलं होतं की मी तुम्हाला. आता आठवण झाली होय?" आणि फोन ठेवला. बाईंनी तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला. तिसऱ्या दिवशी ती आली. अठ्ठावन्नपैकी त्रेपन्न सापडल्या. पाच जणींचे नंबर बदलले होते. त्या पाच अजून सापडलेल्या नाहीत.

सहा महिन्यांनी बाईंचा स्वतःचा पुढचा फॉर्म भरायची वेळ आली. वॉर्डात जायची गरज नव्हती. त्या पार्टिशनला वळसा घालून आल्या आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसल्या. सहा वर्षांत त्या कधी त्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या. वजन वाढलं होतं, चेहऱ्यावर रंग होता. मी वरचे रकाने भराभर संपवले.

"गेल्या चार आठवड्यांत ओटीपोटातल्या दुखण्यामुळे काय काय केलं नाहीत?"

त्या विचार करत राहिल्या. बोटांवर काहीतरी मोजलं.

"सगळं केलं," त्या म्हणाल्या. त्यांचाच त्यावर विश्वास बसत नव्हता असं दिसलं. "बाजारातून चालत आले, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. जिन्यावर मध्ये थांबले नाही."

"दुखणं अजिबात नाही?"

"नाही."

मी लिहिलं. त्या उठल्या नाहीत.

"साहेब, एक विचारू? तुमच्या बायकोचं असंच असतं?"

"असंच म्हणजे?"

"असं. सकाळी उठायचं आणि आपल्याला पोट आहे हे दिवसभर ध्यानातच येत नाही."

मला हो म्हणायचं होतं. मग लक्षात आलं की मला माहीत नाही. बावीस वर्षांच्या संसारात मी हे विचारलेलं नव्हतं.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

"मोठ्या मॅडमचं तसं असेल? आणि त्या वाकाबाईचं?"

"असेल. बऱ्याच जणींचं असतं, बाई."

त्यांनी मान हलवली. टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उगाच सारखा केला, मग हात मागे घेतला.

"मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दुखतं. फक्त बाकीच्या माझ्यापेक्षा खमक्या आहेत, कोणी चेहऱ्यावर दाखवत नाही." त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "तेहतीस वर्षं, साहेब. तेहतीस वर्षं मी स्वतःला रडूबाई समजत होते."

आणि मग त्या खरोखरच रडायला लागल्या.